विश्लेषण : माथेरानच्या हातरिक्षा थांबवायला सर्वोच्च न्यायालयच का लागले?

दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही. तिथून माथेरानच्या बाजारपेठेत जायचे तर पायी, घोड्यावर, अमन लॉज स्थानकातून सुटणाऱ्या शटल गाडीने किंवा हातरिक्षाने. या हातरिक्षात प्रवासी बसतो, एक माणूस पुढे ओढतो आणि चढ आला की एकदोघे मागून ढकलतात. ‘माणसाने माणसाला ओढण्याची’ ही पद्धत सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा, असा आदेश ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या नगर परिषदेच्या हद्दीतील परवान्यांचा प्रश्न थेट दिल्लीत, सरन्यायाधीशांपुढे का गेला? आणि न्यायालयाने आदेश दिला म्हणजे नेमके काय झाले?

आदेशात काय आहे?

तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने ही प्रथा अमानवी ठरवली. मात्र नुसती बंदी घालून खंडपीठ थांबले नाही. राज्य सरकारने ई-रिक्षा विकत घ्याव्यात आणि त्या हातरिक्षाचालकांना भाड्याने चालवायला द्याव्यात, असे सांगितले. यासाठी गुजरातेतील केवडियाच्या योजनेचा दाखला दिला. खरे रिक्षाचालक कोण, हे संनियंत्रण समितीने ठरवायचे. त्यांना देऊन ई-रिक्षा उरल्या तर परिसरातील आदिवासी महिला आणि इतर गरजूंचा विचार करायचा. दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसवायला परवानगी मिळाली, गावातील अंतर्गत रस्त्यांना नाही.

यातले सर्वांत वजनदार वाक्य पैशांबद्दलचे आहे. निधी नाही, ही सबब चालणार नाही, असे न्यायालयाने बजावले. सरकारी कार्यालयात फाइल अडते ती बहुधा याच सबबीवर.

कर्जतच्या न्यायालयात दाद का मागता आली नाही?

कर्जत आणि खालापूर या दोन्ही ठिकाणी दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांची न्यायालये आहेत. सामान्य माणसाचा न्यायव्यवस्थेशी संबंध येतो तो इथेच. सातबाऱ्यावरून झालेले भांडण, बांधाचा वाद, धनादेश न वटणे, मारामारी, पोटगी. त्यांच्या वर अलिबागचे जिल्हा व सत्र न्यायालय, त्यावर मुंबई उच्च न्यायालय.

माथेरानचा वाद मात्र या शिडीने वर गेलाच नाही. कारण माथेरानमधील वाहनबंदीला केंद्र सरकारच्या ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेचे पाठबळ आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली काढलेल्या या अधिसूचनेने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. अशी अधिसूचना बदलण्याचा किंवा तिला अपवाद करण्याचा अधिकार तालुका न्यायालयाला नाही. मूलभूत हक्कांसाठी उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली आणि सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद ३२ खाली जाता येते. त्यातच देशभरातील वनांसंबंधीचे टी. एन. गोदावर्मन प्रकरण १९९५ पासून सर्वोच्च न्यायालयात चालू आहे. माथेरानचे अर्ज त्याच प्रकरणात ऐकले गेले. म्हणून दस्तुरी नाक्यावरच्या रिक्षाची तारीख दिल्लीत लागत होती.

वाद नेमका कोणाकोणात?

हातरिक्षाचालकांनाच ई-रिक्षा हवी होती, ही गोष्ट बाहेरच्यांना चटकन कळत नाही. परवानाधारक हातरिक्षा ९४. ओढणाऱ्यांचे म्हणणे साधे होते, की पोटासाठी हे करतो, पर्याय द्या. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना मुभा दिली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्या धावू लागल्या. शाळकरी मुले, वृद्ध आणि रुग्ण यांची सोय झाली.

विरोध घोडेवाल्यांकडून आला. त्यांचाही रोजगार पर्यटकांवरच चालतो. ई-रिक्षा आल्या की पेव्हर ब्लॉक येणार, ब्लॉकवर घोडे घसरणार आणि हळूहळू मोटारींना रस्ता मोकळा होणार, ही त्यांची भीती. ती निव्वळ कांगावा म्हणून सोडून देता येत नाही. दुसरीकडे अभियांत्रिकीचा साधा हिशेबही आहेच. पावसाळ्यात भिजलेल्या लाल मातीवर, चढावर, भरलेल्या तीनचाकीचे चाक जागीच फिरते. प्रश्न मोटरच्या ताकदीपेक्षा चाकाला पकड मिळण्याचा असतो. म्हणजे रस्त्याचा निर्णय न घेता रिक्षाचा निर्णय घेता येत नव्हता. न्यायालयाने दोन्ही एकाच आदेशात घेतले आणि पेव्हर ब्लॉकला मुख्य रस्त्यापुरतीच हद्द घातली.

मग जिल्हा न्यायाधीशांची भूमिका काय?

या प्रकरणातला हा भाग फारसा चर्चेत आला नाही. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले होते, की ई-रिक्षा फक्त सध्याच्या हातरिक्षाचालकांनाच द्यायच्या. एप्रिलमध्ये संख्या २० वर मर्यादित केली. परवाने ९४ आणि रिक्षा २० म्हटल्यावर तक्रारी येणारच. वाटप खऱ्या चालकांना झाले नाही, असा आक्षेप आला. अर्जदार एक सांगतात, सरकार दुसरे सांगते, आणि दिल्लीत बसलेल्या न्यायाधीशांना माथेरानमध्ये रिक्षा कोण ओढतो हे दिसत नाही. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ही पडताळणी रायगडच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे सोपवली.

कायदा काय आहे हे वरचे न्यायालय सांगते, पण घडले काय हे शोधायला त्यालाही खालच्या न्यायालयाकडे यावे लागते. अनुच्छेद १४४ प्रमाणे देशातील सर्व मुलकी आणि न्यायिक प्राधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करायचे असते. रायगडमध्ये ते असे प्रत्यक्षात आले.

आदेशाला कायद्याचा आधार कोणता?

१९८० मध्ये आझाद रिक्षा पुलर्स युनियन विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यापुढे सायकलरिक्षाचालकांचा प्रश्न आला होता. स्वतःच्या मालकीची रिक्षा असेल त्यालाच परवाना, असा पंजाबचा कायदा होता. कृष्ण अय्यर यांनी कायदा मोडीत न काढता चालकांना बँकेचे कर्ज मिळवून मालक करण्याची योजना निकालातच घातली. माथेरानच्या निकालाने त्याच प्रकरणाची आठवण काढली आणि ४५ वर्षांनंतरही माणूस माणसाला ओढतो आहे, याबद्दल खंत व्यक्त केली.

दुसरा आधार अनुच्छेद २३ चा, म्हणजे वेठबिगारीला मनाई करणारा. इथे कोणी बंदूक रोखून रिक्षा ओढायला लावत नाही, हे खरे. पण दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, १९८२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गरिबीतून येणारी सक्ती हीदेखील सक्तीच मानली. दुसरे काम नाही म्हणून पत्करलेल्या कामाला ‘स्वखुशी’ म्हणता येत नाही, ही विचाराची दिशा तेव्हापासूनची आहे.

न्यायालयाने सरकारचे काम केले का?

हा आक्षेप रास्त आहे. किती ई-रिक्षा, कोणाच्या नावावर, कुठपर्यंत ब्लॉक, हे ठरवणे नगर परिषद, जिल्हाधिकारी आणि मंत्रालयाचे काम. न्यायाधीश मतदारांना उत्तरदायी नसतात आणि माथेरानचा चढ त्यांनी रोज चढलेला नसतो. तरीही इथे दोष न्यायालयाला देणे कठीण आहे. हा प्रश्न अधिसूचनेत दुरुस्ती करून आणि पुनर्वसनाची एक योजना आखून राज्यकर्त्यांना केव्हाच सोडवता आला असता. तो त्यांनी सोडवला नाही, म्हणून रोजंदारीवर जगणाऱ्यांना दिल्लीत वकील द्यावा लागला. उलट उदाहरण कोलकात्याचे. तिथे २००६ मध्ये विधानसभेने हातरिक्षा बंद करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली, पण प्रकरण न्यायालयात गेले आणि त्यानंतरही हातरिक्षा रस्त्यावर राहिल्या.

मुदत पाळली नाही तर?

सहा महिन्यांची मुदत ६ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. न्यायालयाकडे आदेश राबवणारे स्वतःचे कर्मचारी नसतात. रिक्षा खरेदी करणारे, यादी करणारे आणि रस्ता करणारे हात सरकारचेच. आदेश हेतुपुरस्सर पाळला नाही, असे दाखवता आले तर अवमान याचिका करता येते. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि अशी कारवाई अवमान घडल्यापासून एका वर्षात सुरू व्हावी लागते. त्यासाठी रिक्षाचालकांना आधी एक कागद हाती हवा, तो म्हणजे संनियंत्रण समितीने केलेली पात्र चालकांची यादी.