गाडीत आधी फोन लागू दे, सिनेमा नंतर बघू!



१६ सप्टेंबर २०२४ ला आपल्या कोल्हापुरातून पुण्याला वंदे भारत सुरू झाली, तेव्हा आपल्या सगळ्यांनाच आनंद झाला. मीही हौसेने तिकीट काढलं. शेजारच्या मावशींचा भाऊ पुण्यात दवाखान्यात होता. साताऱ्यापर्यंत त्या बोलत होत्या, पुढे घाटात फोन कट झाला. "सर, जरा तुमच्या फोनवरून लावून बघता का?" माझ्याही फोनला रेंज नव्हती. त्या नुसत्या स्क्रीनकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, असं का झालं असेल? उत्तर आलं, "सर, गाडी लई फास्ट असती म्हणून!" उत्तर अर्धंच बरोबर आहे. कोल्हापूर-पुणे प्रवासाला सुमारे सव्वापाच तास लागतात. म्हणजे आपल्या मार्गावर वेग हे मुख्य कारण नाही. डबा धातूचा, त्यात डोंगर आणि बोगदे. चपाती गुंडाळायच्या फॉइलमध्ये फोन दोन पदरी घट्ट गुंडाळा आणि रिंग द्या. बहुतेक वेळा लागत नाही. पण फट राहिली तर लागतो. मुलांना हे करून दाखवाच.

वेगाचं गणितही घालता येतं. दोन टॉवरमध्ये २ किमी अंतर धरा. ताशी १६० किमी वेगाने ते ४५ सेकंदांत संपतं, तर मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ताशी ३२० किमी वेगाने साडेबावीस सेकंदांत. तेवढ्यात गाडीतल्या शेकडो फोनना एकदमच एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरायचा असतो. गर्दीत कुणाचा तरी हात सुटणारच.

यावर उपाय आहेत. डब्याच्या छतावर अँटेना लावून आत वायफाय देता येतं. बोगद्यात जागोजागी फटी ठेवलेली केबल टाकतात. आपल्या उसातल्या ठिबकच्या नळीसारखीच, फक्त तिच्यातून पाण्याऐवजी लहरी पाझरतात. जपानच्या तोकाइदो शिनकान्सेनमध्ये अशाच केबलच्या आधारे २००९ साली वायफाय सुरू झालं.

आपल्याकडे काय झालं? हावडा राजधानीत उपग्रहाद्वारे वायफायचा प्रयोग झाला, पण खर्च परवडत नाही म्हणून तो गुंडाळल्याचं २०२१ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं. त्याच वर्षी रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम मिळालं, पण ते गाड्यांच्या सुरक्षेसाठी आणि रेल्वेच्या स्वतःच्या संपर्कासाठी. ते योग्यच आहे. स्थानकांवर, ६,००० हून अधिक ठिकाणी, मोफत वायफाय आहे. राहिला तो चालत्या गाडीतला प्रवासी.

काही जण म्हणतील, पाच तास फोन बंद राहिला तर बरंच की! मुलं खिडकीबाहेर तरी बघतील. मलाही ते पटतं. पण फोन आपण स्वतः बंद ठेवणं वेगळं आणि गरजेच्या वेळी न लागणं वेगळं. म्हणून माझं मत साधं आहे. फुकट सिनेमा, रील यांची मागणी नंतर करू. आधी घाटात आणि बोगद्यात साधा कॉल लागला पाहिजे. १३९ ही रेल्वेची मदतसेवा आहे, पण रेंजच नसेल तर तो नंबर पाठ असून काय उपयोग?

पुढच्या प्रवासात मुलांना एक वही द्या. कोणत्या स्टेशननंतर रेंज गेली, किती मिनिटांनी आली, लिहायला सांगा. भूगोल, गणित, विज्ञान तिन्ही होतील. आणि त्या नोंदी जोडून रेल्वेला पत्र लिहिलं, तर मराठीचा पत्रलेखनाचा तासही सार्थकी लागेल!