कळफलकाची कळ

चहा माझ्याच हातून सांडला, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. जुना कीबोर्ड पालथा घालून झटकला तर चहाच्या आधी भाकरवडीतली खसखस, तीळ आणि स्टेपलरची एक पिन बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी स्पेसबार खाली गेला तो वर यायलाच तयार नाही. संध्याकाळी लेकीने नवा आणून टेबलावर ठेवला. मला वाटलं, पाटी आणली.

"स्लिम आहे, बाबा. टेबलावर वहीसुद्धा मावेल आता."

शासकीय मराठीत याला कळफलक म्हणतात. बोलताना हा शब्द मी कधी वापरला नाही. पण गेल्या दोन आठवड्यांत त्यातली 'कळ' मनगटापासून कोपरापर्यंत जाऊन आली.

दोष कीबोर्डचा नाही. जुन्या जाड कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली रबराची छोटी टोपी असते आणि बटण साडेतीन-चार मिलिमीटर खाली जातं. बारीक कीबोर्डमध्ये बटणाखाली प्लॅस्टिकच्या दोन काड्या कात्रीसारख्या अडकवलेल्या असतात. त्यामुळे बटण कुठेही दाबलं तरी सरळ खाली बसतं, पण खोली मिळते दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. विहिरीत पोहरा सोडावा आणि पाणी हातभरावरच लागावं, तसं माझ्या बोटांचं झालं. दोर उरलेला, खोली संपलेली. प्रत्येक अक्षराला बोट तळावर आदळतं आणि टेबल हादरतं.

एवढ्या जोराने मी का मारतो, याचं उत्तर १९८३ सालच्या कराडात आहे. बारावीनंतरच्या सुट्टीत टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. वर पत्रा, आत ओळीने मांडलेले गोदरेजचे टाइपरायटर. (गोदरेजने पहिला बनवला १९५५ साली, आमच्या क्लासातले काही त्याच्या पाठचेच भाऊ असावेत.) त्या यंत्रात बटण म्हणजे तरफेचं एक टोक. दुसऱ्या टोकाचा खिळा उसळून रिबिनीवर आपटायचा तेव्हा कागदावर अक्षर. अक्षराचा काळेपणा बोटाच्या जोरावर, त्यामुळे करंगळीची अक्षरं फिकी आणि तर्जनीची ठसठशीत. सर कागद वाचत नसत. उलटा करून पाठीवरून अंगठा फिरवत. "दोन कार्बन घातलेत. तिसऱ्या कागदावर उमटलं पाहिजे." जोर वाढवला की पूर्णविराम कागदाला भोक पाडायचा. माझं चाळीसच्या वेगाचं प्रमाणपत्र केव्हाच हरवलं. जोर मात्र बोटांत राहिला.

पुढे कॉम्प्युटरवर आलो तेव्हा खरे हाल मांडणीने केले. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती डावीकडेच बसते. कॉम्प्युटरवरच्या इनस्क्रिप्ट मांडणीत उच्चाराचा क्रम: आधी 'क', मग वेलांटी. जुन्या सवयीने वेलांटी आधी मारली की पडद्यावर ठिपक्यांचा एक गोल उगवायचा आणि वेलांटी त्याला धरून एकटीच लोंबकळायची. 'किती' हा शब्द निमूट लिहिता यायला मला सहा महिने लागले. डोक्याने तो बदल पचवला, पण बोटांना जोर कमी करायला कुणी सांगितलंच नाही. रबराच्या टोप्यांनी वीसेक वर्षं निमूटपणे मार खाल्ला.

नव्या कीबोर्डवर आणखी एक गंमत आहे, ती इंग्रजीत लिहिणाऱ्याला कळायची नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. इंग्रजी टायपिंगमध्ये उजवी करंगळी जवळजवळ पेन्शनीत असते. एक 'पी' आणि बाकी विरामचिन्हं. मराठीत तिच्या डोक्यावर ज, ड, च, ट आणि य. 'च' आणि 'य' नसतील तर मराठी माणूस बोलणार काय? आणि कीबोर्ड आटोपशीर करायचा ठरलं की कात्री लागते नेमकी उजव्या काठाला. माझ्या नव्या कीबोर्डवर आकड्यांचा चौक गेला, त्याचं दुःख नाही. मी काही वाणसामानाचा हिशेब लिहीत नाही. पण तिथली बटणंही अंग चोरून बसलीयत. 'ट'ला खेटून एंटर. पहिल्या आठवड्यात 'वाटतं' लिहायला जावं तर 'वा' एका ओळीत आणि 'तं' खालच्या ओळीत. संपादकांना गेलेल्या एका मजकुरात अशी तीन ठिकाणं राहून गेली. त्यांनी फोनवर विचारलं, "नवकविता आहे का?"

आता करंगळी थोडी शहाणी झालीय. बाकीची बोटंही जोर सोडू लागलीयत. गेल्या रविवारपासून टेबल हादरलेलं नाही. घोटाळा झालाय तो आवाजाचा. जुन्या खडखडाटाची घरात एक भाषा तयार झाली होती. तो सलग चालू असला की मला कुणी हाक मारत नसे. पाच-सात मिनिटं थांबला, की गाडी अडलीय हे स्वयंपाकघरात कळायचं आणि न मागता चहा यायचा. आता या खोलीतून काहीच ऐकू येत नाही. परवा भरात आलो होतो, एक परिच्छेद कसा झरझर उतरत होता, आणि दारातून आवाज आला, "अहो, झोप लागली का? जरा दळण आणता?"

दळण आणलं.

आज हा लेख दोनदा अडला, चहा एकदाही आला नाही. मघाशी उठून स्वतःच करून आणलाय. कप टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला आहे, त्यामुळे दर घोटाला उठावं लागतंय.