सगळ्या घराचा पेला

डिसेंबर उजाडला की आमच्या सोलापूरकडे सणांची नुसती रीघ लागते. नाताळ, वर्षअखेर, मार्गशीर्षातली वेळ अमावास्या आणि तिच्या मागोमाग संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. पुण्या-हैदराबादला नोकरीला गेलेली मुलं सुट्टी काढून घरी येतात. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, पोळ्या यांची मागणी असतेच. पण गेल्या काही वर्षांत एक नवी फर्माईश ऐकू येऊ लागली आहे. "आई, डाळिंबाचा रस काढून ठेव गं. रात्री कॉकटेल करायचंय."

होटगीसारख्या गावात हे ऐकलं की जुन्या बायका चपापतात. होटगी म्हणजे सोलापूरला लागून असलेलं रेल्वेचं जंक्शन. एक रूळ वाडीकडे जातो, दुसरा विजयपूरकडे. घरोघरी मराठीत कानडी मिसळलेली. डाळिंबाला कुणी डाळिंब म्हणतं, कुणी दाळिंबे, कुणी अनार. 'जिन' हा शब्द मात्र आजीच्या लेखी फक्त भुताखेतांच्या गोष्टीतला! आता ती फ्रीजमध्ये येऊन बसली आहे, तर ती आहे तरी काय हे घरातल्या बाईला नीट ठाऊक असलेलं बरं.

जिन म्हणजे धान्यापासून किंवा मळीपासून काढलेला मद्यार्क. त्याला ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास दिलेला असतो. युरोपातली ही दारू. आपल्याकडे ती इंग्रजांबरोबर आली. हिवतापावरचं क्विनाइन घातलेल्या कडू पाण्यात ते ती मिसळून पीत. आता तर गोव्यातच जिन बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक जिनमध्ये मद्यार्काचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर असतं. म्हणजे नाव नाजूक असलं, बाटली देखणी असली, तरी ताकदीला ती व्हिस्की-रमच्याच पंक्तीत बसते.

यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. जिनचा वास फक्त ज्युनिपरचा नसतो. त्यात धने हमखास असतात. लिंबावर्गातल्या फळांची साल असते. वेलची, दालचिनीही पुष्कळदा असते. म्हणजे ज्या वासाचं एवढं कौतुक, त्यातला निम्मा-अधिक ऐवज आपल्या मसाल्याच्या डब्यात आधीच आहे! आणि फळ म्हणाल तर डाळिंबासाठी आपल्याला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे. तिथून आलेल्या 'सोलापूर लाल' या वाणात लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व नेहमीच्या वाणांपेक्षा जास्त आहे. शिवाय मृग बहाराची फळं नेमकी याच दिवसांत बाजारात येतात.

म्हणून मला वाटतं, सणाचा हा पेला आधी घराचा करावा. चव फळाची, वास मसाल्याचा, चुणचुण सोड्याची. हा घ्या जिन्नस आणि ही घ्या रीत.

सहा पेल्यांसाठी एक किलो डाळिंबं घ्या. सालीवर डाग असला, फळ थोडं तडकलेलं असलं तरी चालेल, भावातही कमी पडेल. फक्त आतले दाणे लाल, टवटवीत हवेत. काळे पडलेले, बुरशीचे किंवा आंबूस वासाचे दाणे बिनदिक्कत टाकून द्या. दाणे मिक्सरमध्ये अगदी क्षणभर, थांबून थांबून फिरवा. जास्त फिरवले तर बिया भरडल्या जातात आणि रस तुरट-कडवट होतो. मग स्वच्छ पातळ फडक्यातून पिळून घ्या. साधारण दोन वाट्या, म्हणजे चारशे मिलिलिटरच्या आसपास रस निघतो. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. पितळेचं, अॅल्युमिनियमचं नको. आणि अंगावर जुनी साडी असू द्या. डाळिंबाचा डाग काही जायचं नाव घेत नाही.

आता एक वाटी पाण्यात एक चमचा जाडसर कुटलेले धने, दोन ठेचलेल्या वेलच्या, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि एका लिंबाची पिवळी साल घालून पाच मिनिटं उकळा. सालीचा पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू असतो. झाकण ठेवून गार करा, गाळा. त्यात चार मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ विरघळवा. हे पाणी रसात मिसळा, त्याच लिंबाचा रस पिळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. पाहुणे आले की पेल्यात बर्फ, निम्म्याच्या वर हा रस आणि वरून थंडगार सोडा. सोडा आधीच घालून ठेवलात तर त्याचा जीव जातो. वर चमचाभर दाणे सोडा, पुदिन्याचं पान लावा. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्यासाठी साखर घालण्याआधी थोडं मसाल्याचं पाणी बाजूला काढा आणि रसही बेतानंच घाला. रस म्हटला की फळाची साखर आलीच. त्यांना वाटीभर दाणे देणं जास्त चांगलं.

हा पेला हातात घेतला की कुणाला काही कमी आहे असं वाटत नाही. निदान माझ्या घरी तरी कुणाला वाटलेलं नाही.

पण मुलगा म्हणणार, "आमच्या पेल्यात थोडी जिन घालतोच." इथेच घरच्या बाईनं ठाम राहायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. जिन पाण्यासारखी स्वच्छ असते. डाळिंबाच्या गोड-आंबट रसात ती गेली की रंग बदलत नाही, वासही दबून जातो. साठ मिलिलिटरचा पेग घातलेला पेला आणि नुसत्या सरबताचा पेला शेजारी ठेवा, बघून ओळखू येणार नाही. घरात पाच वर्षांचा नातू खेळतोय, सून गरोदर आहे, सासूबाई साखरेची गोळी घेतात, सासरे झोपेची. चुकून उचललेला एक पेला यांच्यापैकी कुणालाही महागात पडू शकतो. लहान मुलाच्या रक्तातली साखर दारूमुळे धोकादायकरीत्या उतरते. मधुमेहाच्या काही औषधांबरोबरही तेच होतं. गरोदरपणात दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही. इतकंच कशाला, दारूचा एकही घोट आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलं आहे. शिवाय महाराष्ट्रात अशी कडक दारू २५ वर्षांखालच्या माणसाला कायद्यानं घेता येत नाही, आणि त्यावरच्यांनाही परवाना लागतो, हे कॉलेजातल्या चिरंजीवांच्या कानावर घालायला हरकत नाही.

तेव्हा नियम अगदी साधे. मोठ्या भांड्यातल्या रसात जिन कदापि मिसळायची नाही. ज्याला घ्यायची त्यानं आपल्या पेल्यात, मापानं आणि सगळ्यांसमोर ओतावी. त्याचे पेले वेगळ्या घाटाचे असावेत. बाटली लेबलासकट राहू द्यावी, पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नये. आणि घेतलेल्यानं रात्री मोटारसायकलला किल्ली लावायची नाही. मग होटगी रोडवर कितीही शुकशुकाट असो. आग्रहाचं म्हणाल तर आपल्याकडे आग्रह जिलबीचा करतात. ज्यानं 'नको' म्हटलं त्याला दुसऱ्यांदा विचारू नये, 'एकानं काय होतंय' म्हणून हिणवू तर मुळीच नये.

मैत्रिणींनो, मला खरी काळजी आणखी एका गोष्टीची वाटते. या नव्या पार्टीत बाई असते कुठे? डाळिंबं सोलायची तिनं, रस गाळायचा तिनं, कांदा-टोमॅटो चिरायचा तिनं. पेले भरले की बैठकीच्या खोलीचं दार लोटलं जातं आणि ही आत ओट्यापाशी. उशिरापर्यंत शेंगदाणे परतत उभी. सकाळी पेले विसळायलाही हीच. ज्या महाराष्ट्रात गावोगावच्या बायांनी रांगा लावून मतदान केलं आणि दारूची बाटली आडवी केली, त्याच महाराष्ट्रात फळाचा वास आला म्हणून तीच बाटली 'फॅशन' होऊन घरात येते आणि तिची सरबराई पुन्हा बाईच्याच गळ्यात पडते. दुकान बंद करायला मत लागतं. घरात काय आणि कसं चालेल हे ठरवतानाही तिचं मत विचारायला नको का? शिकल्यासवरल्या घरांतसुद्धा ते विचारलं जात नाही, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

याच मातीतला दुसरा दाखला बघा. वेळ अमावास्येला, आपल्या भाषेत येळवशीला, आपण शेतात जातो. ज्वारीचं पीठ आणि ताक एकत्र करून, आलं-लसूण-मिरची लावून केलेली आंबील मडक्यात मुरलेली असते. पूजा झाली की सगळे गोल करून बसतात. तुरी-हरभऱ्याची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. ज्याचं शेत नाही त्यालाही बोलावणं असतं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. मालक, गडी, म्हातारी, लेकरू, सगळ्यांच्या हातात एकाच मडक्यातली आंबील. बाईही त्याच गोलात बसून पिते. इथे दार लोटायला दारच नसतं!

सणाच्या पेल्याची आपली रीत ही अशी आहे. ती सोडण्याचं काही कारण नाही. मुलांना नवं हवं तर नवं करू या. डाळिंबाला सोडा लावू, काचेचे उंच पेले काढू, पुदिन्याचं पान खोचू. त्या नव्यातही गोल मात्र जुना असावा. फर्माईश करणाऱ्या मुलानं निम्मी डाळिंबं सोलावीत, सुनेनं एकटीनंच ट्रे धरून फिरू नये, जावयानं एकदा तरी पेले विसळावेत. दाणे काढायला चार हात लागले तर अर्ध्या तासाचं काम, आणि त्या अर्ध्या तासात जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या अख्ख्या पार्टीत होत नाहीत.

बाईनं स्वतः जिन घ्यावी की नाही, हे सांगायला मी बसलेली नाही. तो तिचा निर्णय, आणि तिचं 'नाही' असेल तर तेही तिचंच. माझं मागणं एवढंच आहे की या वर्षअखेरीला रस तयार झाला की पहिला पेला ज्या हातांनी डाळिंबं सोलली त्या हातात जावा. आणि तिनं तो ओट्यापाशी उभ्यानं संपवू नये. बाहेर येऊन, सगळ्यांमध्ये बसून, निवांत घ्यावा.