परवान्याची परीक्षा आणि शिकवण्याची जबाबदारी

मोटार चालवण्याचा परवाना सुखवस्तू माणसाला सोयीचा कागद वाटत असेल. रिक्षा, टेम्पो किंवा ट्रक चालवून पोट भरू पाहणाऱ्या तरुणाला तो भाकरीचा दाखला असतो. त्याची पहिली पायरी म्हणजे शिकाऊ परवान्याची ज्ञानपरीक्षा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील अकराव्या नियमाने ती घालून दिली आहे. रस्त्यावरील चिन्हे व वाहतुकीचे नियम, अपघातात कोणी मृत वा जखमी झाल्यास चालकाची कर्तव्ये, जवळ बाळगावयाची कागदपत्रे हे तिचे प्रमुख विषय. शेकडा ६० उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण.

विषय योग्य आहेत. उणीव आहे ती तयारीची. ही तयारी आज बहुतांशी ड्रायव्हिंग स्कूल आणि एजंट यांच्यावर सोपवलेली आहे. आदल्या रात्री प्रश्नोत्तरे घोकायची आणि परवाना हाती पडताच विसरायची, एवढाच तिचा अर्थ उरतो. वास्तविक चिन्हांची भाषा अक्षरशत्रूलाही कळावी अशीच घडवलेली आहे. त्रिकोण सावध करतो, वर्तुळ हुकूम देते, चौकोन माहिती पुरवतो. ‘थांबा’ची पाटी अष्टकोनी आणि ‘वाट द्या’चा त्रिकोण उलटा, तो या दोन आज्ञा दुरूनही ओळखू याव्यात म्हणून. एवढी किल्ली हाती दिली तर घोकंपट्टीचे निम्मे ओझे उतरेल.

शिक्षणाच्या अटीचा प्रश्नही येथेच येतो. वाहतुकीचे वाहन चालवण्यासाठी पूर्वी आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक होते. २०१९ साली केंद्र सरकारने ती अट काढून टाकली. अडाण्यांना परवाने दिले तर अपघात वाढतील, अशी भीती काहींना वाटते. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. तेव्हा ही चिंता हसण्यावारी नेण्याजोगी खासच नाही. परंतु मजकूर वाचता येणे आणि पादचाऱ्याला पाहून वेग कमी करणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. परीक्षा दुसऱ्याची घ्यावयाची असताना पडद्यावरील वाक्ये भराभर वाचता येत नाहीत म्हणून माणसाला नापास करणे हा न्याय नव्हे.

याउलट, जेथे कडक असावयास हवे तेथे परीक्षा सैल आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ चालकाला जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्यास आणि पोलिसांना उशिरात उशिरा २४ तासांच्या आत कळवण्यास बांधून घेते. या कर्तव्याचे उत्तर चुकले, तरी इतर उत्तरांच्या बळावर उमेदवार पार पडू शकतो. जिवाशी निगडित प्रश्नांना शेकडेवारीची सवलत असता कामा नये.

२०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्या देता येते. कष्टकऱ्याचा बुडणारा रोज त्यामुळे वाचतो, हे स्वागतार्हच. मात्र खेटे वाचले म्हणजे शिक्षण झाले, असे नव्हे.

तालुक्याच्या गावी मोफत वर्ग, मराठीत सचित्र पाठ आणि मागेल त्याला तोंडी परीक्षा एवढी व्यवस्था शासनाला अशक्य नाही. चालकांच्या संघटनांनी ती मागितली पाहिजे आणि मिळेपर्यंत असे वर्ग स्वतः चालवले पाहिजेत. न शिकवता परीक्षा घेणारी व्यवस्था दलाल पोसते, आणि तिची किंमत रस्त्याने पायी चालणारा माणूस मोजतो.