पी.टी.ची सूट



मढच्या बंदरावर मासळी निवडायला जाणारी आमची एक शेजारीण गेल्या जूनमध्ये माझ्याकडे आली. मुलगी पाचवीत, एका पायात कॅलिपर. पोर पडेल म्हणून पी.टी.च्या तासाला सूट मिळावी, असा अर्ज तिला हवा होता. मी तो चांगल्या अक्षरात लिहून दिला. एका माउलीचे काम केले याचे समाधानही वाटले, खोटे कशाला सांगू!

दिवाळीनंतर त्या शाळेत जाणे झाले. मैदानात लंगडीचा डाव रंगला होता. सगळा वर्ग हौसेने एका पायावर उड्या मारीत होता आणि जिचा खरोखरच एक पाय अधू, ती भिंतीशी दप्तरांच्या ढिगाजवळ बसलेली!

"काय गं, इथे काय करतेस?"

"राखण करते, मावशी. माझं कामच आहे ते."

आवाजात तक्रार नव्हती, हेच मला लागले. शाळेत गोणपाटावर वेगळे बसविलेल्या बाबासाहेबांची गोष्ट आपण लेकरांना दरवर्षी सांगतो. आणि इथे वेगळे बसविण्याचा अर्ज माझ्याच हातचा होता.

मग चौकशी केली. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. त्याचे कलम १६ सांगते की, सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबर खेळाचीही संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी. म्हणजे खेळ ही मेहेरबानी नव्हे. आपणच सूट मागून तो हक्क सोडून देतो.

सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांचा डावा हात शाळकरी वयात सायकलवरून पडून अधू झाला. त्यांनी २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणले. दीपा मलिक यांनी २०१६ साली रिओमध्ये गोळाफेकीतच रौप्य मिळविले, तेही बसून. पण पदकाचे राहू द्या. आपल्या पोरीला घाम यावा, धाप लागावी, चार जणींबरोबर हरायला मिळावे, एवढे तरी?

दुसरा अर्ज लिहिण्याआधी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. काय करू नये एवढेच नव्हे, काय करता येईल तेही चिठ्ठीवर लिहून घेतले. भगिनींनो, हे विसरू नका. नुसते "व्यायाम वर्ज्य" लिहिलेली चिठ्ठी पोरीला थेट भिंतीशी नेऊन बसविते.

सर वाईट नाहीत. साठ मुले आणि एक शिट्टी, त्यांनी तरी काय करावे? चिठ्ठी वाचून ते म्हणाले, "हे मला आधी कुणी सांगितलंच नाही." आता क्रिकेटला ती स्टुलावर बसून रबरी चेंडू टाकते, तिच्या वाटची धाव मैत्रीण काढते. वर्तुळात बसून चेंडू फेकण्याच्या खेळात तर सगळाच वर्ग बसतो. पहिल्या दिवशी तिचे तीन चेंडू कुंपणापार गेले आणि पोरांनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. घरी येऊन ती हे हसत हसत सांगत होती.

दप्तरे आता भिंतीशी एकटीच असतात. अजून एकही चोरीला गेलेले नाही.