हमीची मुदत

हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी, असे विचारणाऱ्याला उत्तरादाखल एक नाव हवे असते. ते एकदा हाती आले की दुकानात जाऊन पैसे मोजावेत आणि पुढे बरीच वर्षे निश्चिंत असावे, अशी त्याची साधी व रास्त अपेक्षा असते. संगणकाचा धंदा करणारी मंडळीही असे नाव मोठ्या तत्परतेने देतात. सीगेटचे नाव काढताच एक दुकानदार कानाला हात लावतो आणि वेस्टर्न डिजिटलखेरीज दुसरा माल ठेवीत नाही. त्याच गल्लीतला दुसरा नेमके याच्या उलट सांगतो. आणि दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात. हे दोन परस्परविरुद्ध अनुभव एकाच वेळी खरे कसे, याचा उलगडा करू गेल्यास ध्यानात येते की, टिकाऊपणा हा कंपनीच्या नावाचा वंशपरंपरागत गुण नव्हे. एका विशिष्ट साली, विशिष्ट रचनेने बनविलेल्या एका विशिष्ट प्रकाराचा तो गुण असतो, आणि तुलना करावयाचीच असेल तर ती या प्रकारांची व त्यांच्यासोबत मिळणाऱ्या हमीची केली पाहिजे.

नावे तरी आता कितीशी उरली आहेत? चुंबकीय तबकडीची हार्ड डिस्क बनविणाऱ्या कंपन्या एके काळी पुष्कळ होत्या, त्या आज सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा अशा तीनच आहेत. १९७९ साली स्थापन झालेल्या सीगेटने १९९६ मध्ये कॉनर, २००६ मध्ये मॅक्सटर आणि २०११ मध्ये सॅमसंगचा डिस्क-विभाग आपल्यात सामावून घेतला; मॅक्सटरने त्यापूर्वीच क्वांटमचा कारभार उचललेला होता; फुजित्सूचा धंदा २००९ मध्ये तोशिबाकडे आला, आणि हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. तेव्हा ‘मी वीस वर्षे अमुक कंपनीचाच माल वापरतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्याने, त्या वीस वर्षांत त्या नावामागचे कारखाने आणि कारागीर कितीदा बदलले, याचाही विचार करावयास हवा.

या स्थित्यंतरांत आयबीएमची कथा मला सर्वांत बोधक वाटते. हार्ड डिस्कचा जन्मच मुळी आयबीएमच्या घरातला. १९५६ मध्ये तिने बाजारात आणलेल्या रॅमॅक यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. पुढे चाळीसहून अधिक वर्षे या विद्येत अग्रभागी राहिलेल्या याच कंपनीने २००० साली डेस्कस्टार ७५ जीएक्सपी नावाचा प्रकार काढला आणि तो इतक्या मोठ्या प्रमाणात नादुरुस्त होऊ लागला की, ग्राहकांनी त्याला मृत्यूवाचक टोपणनाव दिले आणि प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेले. त्यानंतर लवकरच, २००३ च्या आरंभी, हा सारा विभाग हिताचीच्या ताब्यात गेला. ज्याच्या नावाने लोक बोटे मोडीत होते त्या घराण्याला नवे धनी मिळाले, एवढेच त्या वेळी पाहणाऱ्याला दिसले असेल. परंतु दहा-बारा वर्षांनी जेव्हा टिकाऊपणाचे पहिले विस्तृत प्रकारवार आकडे लोकांसमोर आले, तेव्हा सर्वांत कमी बिघडणाऱ्या डिस्का याच घराण्यातल्या, म्हणजे हिताचीच्या एचजीएसटी या नावाने विकल्या गेलेल्या, निघाल्या! जुन्या बदनामीवर विसंबून ज्याने त्या टाळल्या, त्याने आपल्या हाताने उत्तम माल नाकारला.

हे आकडे प्रसिद्ध करणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी. लोकांच्या संगणकांतील माहितीची प्रत आपल्या गोदामांत सांभाळणे हा तिचा व्यवसाय. त्यासाठी तिच्याकडे आज तीन लाखांहून अधिक डिस्का अहोरात्र फिरत असतात. त्यांपैकी कोणत्या प्रकाराच्या किती निकामी झाल्या, याचा हिशेब ती गेली दहाहून अधिक वर्षे नियमितपणे जाहीर करते. एकंदर वार्षिक बिघाडाचे तिचे प्रमाण २०२१ मध्ये शेकडा १.०१, २०२२ मध्ये १.३७, २०२३ मध्ये १.७० आणि २०२४ मध्ये १.५७ असे होते. ही सरासरी पाहून कोणालाही दिलासा वाटेल. परंतु सरासरीच्या पोटात काय दडलेले असते ते पाहण्यासाठी सीगेटच्या एसटी३०००डीएम००१ या तीन टेराबाइटच्या प्रकाराकडे वळले पाहिजे.

२०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये महापूर आला, वेस्टर्न डिजिटलचे तेथील कारखाने पाण्याखाली गेले, इतर कारखान्यांना सुटे भाग मिळेनात आणि जगभर डिस्कांचे भाव भडकले. त्या टंचाईत बॅकब्लेझच्या लोकांनी किरकोळ दुकानांतून बाह्य डिस्का विकत आणल्या आणि त्यांची प्लॅस्टिकची कवचे फोडून आतला ऐवज आपल्या यंत्रांत बसविला. अशा मार्गाने आणि अन्यथा जमविलेल्या या तीन टेराबाइटच्या डिस्का पुढे इतक्या झपाट्याने निकामी होत गेल्या की, कंपनीला उरलेल्याही काढून टाकाव्या लागल्या. २०१६ मध्ये या प्रकारावरून अमेरिकेत ग्राहकांनी सामुदायिक दावाही दाखल केला. आता याच सीगेटचा चार टेराबाइटचा प्रकार त्याच गोदामात, त्याच माणसांच्या हाताखाली पुष्कळच बरा चालला, आणि सहा टेराबाइटच्या एका प्रकाराने तर सरासरी वय सहा वर्षांच्या पुढे गेल्यावरही इतके अल्प बिघाड दाखविले की, तो तेथील सर्वांत भरवशाच्या डिस्कांत गणला गेला. एकच कंपनी, एकच गोदाम, आणि निकाल दोन टोकांचे.

एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तू विकल्या जातात, याचा आणखी ताजा दाखला २०२० सालचा. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ या मालिकेतील काही डिस्कांत लेखनाच्या रेषा कौलांप्रमाणे एकीवर एक चढविण्याची पद्धत वापरली होती; त्यामुळे तेवढ्याच तबकडीत अधिक मजकूर मावतो, पण जुन्या जागी पुन्हा लिहिताना शेजारच्या रेषाही नव्याने लिहाव्या लागतात आणि वेग खालावतो. अनेक डिस्का एकत्र बांधून चालविणाऱ्यांना याचा फार त्रास झाला, आणि खरी इतराजी अशी की, ही गोष्ट ग्राहकाला आधी सांगितलेलीच नव्हती. बोभाटा झाल्यावर कंपनीने ती मान्य केली व जुन्या पद्धतीच्या डिस्का ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या काढल्या. अशी लपवाछपवी मी बिघाडाहूनही गंभीर मानतो. यंत्र बिघडते ते निसर्गनियमाने, माहिती दडविली जाते ती मनुष्याच्या निर्णयाने.

कंपन्या आपल्या पत्रकांत टिकाऊपणाचा आकडा देतात, तो दहा लाख, पंधरा लाख, अलीकडे पंचवीस लाख तासांचा असतो. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे! ही डिस्क आपल्या पणतवंडांच्याही कामी येईल, असे भोळ्या वाचकाला वाटावे. वास्तविक त्या आकड्याचा अर्थ एवढाच की, अशा पुष्कळ डिस्का एकत्र चालविल्यास वर्षाला शेकडा ०.८८ बिघडतील असा कंपनीचा अदमास आहे. हा अदमास व्यवहारात कितपत उतरतो, हे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये मांडले: प्रत्यक्षात बदलाव्या लागलेल्या डिस्कांचे प्रमाण बहुधा शेकडा दोन ते चार भरले आणि क्वचित तेरापर्यंतही गेले. त्याच परिषदेत गूगलच्या संशोधकांनीही एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास सादर केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्यातील धोक्याची चार प्रमुख चिन्हे, बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांत मुळी उमटलीच नव्हती, असे त्यांना आढळले. मृत्यूची सूचना न देता जाणाऱ्या डिस्कांची संख्या एवढी मोठी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘अजून काही खडखडाट नाही’ या समाधानाचे मोल कळते.

मग सामान्य ग्राहकाने कशावर भिस्त ठेवावी? माझे मत असे की, जाहिरातीतल्या विशेषणांहून हमीची मुदत हा अधिक प्रामाणिक पुरावा आहे, कारण विशेषण लिहिण्यास कंपनीला काही पडत नाही आणि हमीच्या प्रत्येक वाढीव वर्षासाठी मात्र तिला पदरचे द्रव्य राखून ठेवावे लागते. या मुदतीचा इतिहास पाहिला तरी कंपन्यांच्या मनाचा ठाव लागतो. १ ऑक्टोबर २००२ पासून सीगेट, मॅक्सटर आणि वेस्टर्न डिजिटल या तिघींनी, जणू एकाच मसलतीने, घरगुती वापराच्या बहुतेक डिस्कांची हमी तीन वर्षांवरून एका वर्षावर आणली. २००४ मध्ये सीगेटने धारिष्ट दाखवून ती पाच वर्षांची केली. २००९ मध्ये पुष्कळ प्रकारांवर पुन्हा तीनवर उतरविली. आणि थायलंडच्या पुरानंतर, माल दुर्मिळ आणि भाव तेज असताना, काही प्रकारांवर ती एका वर्षापर्यंत खाली नेली. वेस्टर्न डिजिटलनेही त्याच सुमारास आपल्या स्वस्त मालिकांची मुदत तीनवरून दोनवर आणली. ग्राहकाला पर्याय उरला नाही की हमी आखडते, हा या धंद्याचा दस्तूरच दिसतो.

सांप्रत घरगुती संगणकासाठीच्या बाराकुडा, ब्ल्यू, पी३०० या मालिकांना सामान्यतः दोन वर्षांची हमी आहे. सतत चालणाऱ्या सामायिक साठ्यासाठीच्या आयर्नवुल्फ, रेड प्लस, एन३०० यांना तीन. आणि एक्सॉस, आयर्नवुल्फ प्रो, रेड प्रो, गोल्ड तसेच तोशिबाची एमजी यांना पाच. तिन्ही कंपन्यांच्या पायऱ्या इतक्या सारख्या आहेत की, निवड कंपन्यांमध्ये करण्यापेक्षा पायऱ्यांमध्ये करणे अधिक शहाणपणाचे. दोन वर्षांच्या हमीची डिस्क आणि पाच वर्षांच्या हमीची डिस्क यांच्या किमती आपापल्या हमीच्या वर्षांनी भागून पाहाव्यात. महागडी पुष्कळदा स्वस्त ठरते.

परंतु हमी म्हणजे नेमके काय, याविषयी फार मोठा गैरसमज आहे, आणि तो दूर करणे मी माझे कर्तव्य समजतो. हमी लोखंडाची असते, मजकुराची नव्हे. डिस्कवरील छायाचित्रे, हिशेब, हस्तलिखिते गेली तर त्यांची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही. आयर्नवुल्फसारख्या मोजक्या मालिकांबरोबर मजकूर परत मिळवून देण्याच्या प्रयत्नाची तीन वर्षांची सेवा सीगेट देते, तेवढा अपवाद. बदली मिळणारी डिस्क बहुधा कोरी नसते, दुरुस्त व तपासणी केलेली असते, आणि तिला सामान्यतः मूळ मुदतीचा उरलेला भागच लागू होतो. संगणकाच्या आत बसून आलेल्या डिस्कची हमी डिस्ककंपनीकडे नसून संगणक विकणाऱ्या कंपनीकडे असते. परदेशातून आडमार्गाने आलेल्या मालावर येथे दाद मिळत नाही, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव हजार रुपयांनी कमी का, याचे उत्तर कधी कधी यातच सापडते.

आमच्या ग्रंथालयाने जुन्या नियतकालिकांची पाने छायाप्रतींच्या रूपाने ज्या डिस्कवर जतन केली होती ती हमीच्या मुदतीत बंद पडली, तेव्हा सेवाकेंद्राने जोडणीच्या टोकावरील एका पुसट ओरखड्यावर बोट ठेवून, ही ग्राहकाकडून झालेली क्षती आहे, अशा शेऱ्यानिशी अर्ज नामंजूर केला. आम्ही पावती जोडून पत्रे पाठविली, वरिष्ठांकडे तगादा लावला, आणि अखेर बदली डिस्क आली. काउंटरवरचा तरुण सौजन्याने वागत होता. अडचण अशी की, नकार देण्याचा अधिकार त्याच्यापाशी होता आणि मंजुरीचा नव्हता. मजकूर दुसऱ्या प्रतीवर होता म्हणूनच आम्हांला ही पत्रापत्री शांत चित्ताने करता आली.

हमीच्या या अडचणींत २०२५ च्या आरंभी आणखी एका गैरप्रकाराची भर पडली. सीगेटच्या एक्सॉस मालिकेतील हजारो तास वापरलेल्या डिस्का, आतील नोंदी पुसून, नव्या म्हणून युरोपच्या बाजारात विकल्या गेल्याचे जर्मन पत्रकारांनी उघडकीस आणले. तेव्हा डिस्क घरी आणल्या दिवशीच तिचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून हमी कोणत्या तारखेपर्यंत आहे ते पाहावे. ती नुकतीच सुरू झालेली नसेल तर डिस्क त्याच दिवशी परत करावी. पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्यावा. ज्या मजकुरावर जीव आहे त्यासाठी दोन डिस्का घ्याव्यात, आणि त्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात, म्हणजे एका प्रकारातील दोष दोघींना एकदम भोवणार नाही. तीनही कंपन्यांची नावे उपयोगी पडतात ती एवढ्याचसाठी.

बॅकब्लेझसारखी एक खासगी कंपनी जे आकडे स्वखुशीने जाहीर करते, ते मूळ उत्पादकांपाशी कितीतरी अधिक तपशिलाने आहेत. हमीखाली परत येणारी प्रत्येक डिस्क त्यांच्या दफ्तरी नोंदली जातेच. आपल्या देशात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि वस्तूचा दर्जा जाणून घेण्याचा हक्क त्याने ग्राहकाला दिलेला आहे. हमीखाली परत आलेल्या डिस्कांचे प्रमाण प्रकारवार आणि वर्षवार प्रसिद्ध करण्याचे बंधन सरकारने उत्पादकांवर घालावे, अशी माझी मागणी आहे. तोवर ज्यांची हमी अन्यायाने नाकारली गेली आहे त्यांनी गप्प बसू नये; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तेथे मराठीतही तक्रार नोंदविता येते.