सिस्टर, तुम्ही आत थांबा

गव्हाणला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तरी आपल्या घरांतल्या काही बायका दुखणं अंगावर काढतात. कारण विचारलं तर हळूच म्हणतात, "डॉक्टर पुरुष असले तर?"

भगिनींनो, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात १७ हक्क आहेत. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासताना दुसरी स्त्री हजर हवी, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. धर्म, जात, भाषा यांवरून भेदभाव नको आणि आजाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी, हेही आहे. तेव्हा "सिस्टर, तुम्ही आत थांबा" असं म्हणणं हा नखरा नव्हे. बुरख्यातल्या बाईलाच नाही, कुठल्याही बाईला तो हक्क आहे.

केसपेपरवर नाव चुकलं तर तिथेच दुरुस्त करून घ्या. दवाखान्याच्या नोंदीतून जन्मदाखल्यात गेलेली चूक पुढे शाळाप्रवेशाच्या वेळी आम्हा शिक्षकांसमोर येते, तेव्हा आईबापांची फार धावपळ होते.

आणि एक कडू गोष्ट. रांगेत कातकरी बाई पुढे असली की "हिला कसली घाई" म्हणत आपल्यातलीच कुणी पुढे सरकते. मी पाहिलं आहे. भेदभावाची तक्रार आपण कोणत्या तोंडाने करायची? तिचा नंबर तिचाच. तिला चिठ्ठी वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

केंद्रात कुणी ऐकलंच नाही तर आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना, मग पनवेलच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा. साध्या मराठीतल्या चार ओळी पुरतात.